चव्हाट्यावर बसायला जागा

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, आमचं बोलणं हातातलं काम सोडून ऐकावं असं नाही. पण आज एका शब्दावर थोडा विचार करू या. तो शब्द म्हणजे ‘चव्हाटा’.

चव्हाटा म्हणजे चार वाटा जिथे भेटतात ती जागा. शब्द साधा आहे, पण आपण तो कधी वापरतो? ‘घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली’ असं म्हणतो तेव्हा. म्हणजे अब्रू गेली, लाज गेली. चार वाटा भेटतात तिथे चार माणसं भेटणारच, पण ती जागा बाईसाठी लाजेची ठरली. पुरुष पारावर बसला तर तो गप्पा मारतो, बाई चव्हाट्यावर उभी राहिली तर तिला काही घरदार आहे की नाही, असं विचारतात. एकच जागा, पण तिचे दोन अर्थ.

आम्ही हे आज का बोलतो? कारण सध्या गावोगाव जुन्या रस्त्यांचं रूप बदलण्याची भाषा चालू आहे. जुनी बाजारपेठ असेल तर तिथून गाड्या काढायच्या, फरसबंदी करायची, दिवे लावायचे, झाडं लावायची आणि रस्त्याचा चौक करायचा, माणसांनी फिरावं, बसावं, बोलावं असा. कल्पना चांगली आहे. पण त्या चौकात आपली जागा कुठे, हे आधी ठरवायला हवं. त्यासाठी थोडा इतिहास पाहू.

सुरुवात आपल्या पनवेलपासून. आपली नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या सगळ्यात जुन्या नगरपालिकांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली आणि खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल हे सगळं एका छत्राखाली आलं. पण जुनं पनवेल म्हणजे खाडीकाठचं गाव. कोळीवाडा, लाईन आळी, परदेशी आळी, मिरची गल्ली, टपाल नाका, उरण नाका, ही नावंच सांगतात की इथे कोण राहत होतं, काय विकलं जात होतं आणि कोण कुठून येत होतं. बेने इस्रायल लोकांचं १८४९ सालचं प्रार्थनास्थळ याच गावात आहे आणि इस्रायली तलाव हे नाव आजही आपल्या तोंडी आहे.

हे गाव वाढलं ते वाटेमुळे. मुंबईहून पुण्याला जायचं तर माणसं होडीने खाडीतून पनवेलच्या बंदरात उतरायची आणि इथून पुढे घाट चढायची. १८३० साली बोरघाटात चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. त्याआधी बैलाच्या पाठीवर गोणी लादून माल यायचा, आता बैलगाड्यांच्या रांगा लागल्या. देशावरचा कापूस गाडीने पनवेलला यायचा आणि इथून होडीने मुंबईला जायचा. आपल्याकडची बैलगाडीची चाकं तर इतकी नावाजलेली होती की मुंबई-पुण्याच्या मधल्या प्रत्येक गाडीला पनवेलचीच चाकं, असं इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्येही लिहून ठेवलं गेलं.

मग १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ती कल्याण-कर्जतवरून गेली आणि पनवेल बाजूला पडलं. पनवेलला आगगाडी यायला त्यानंतर सुमारे शंभर वर्षं लागली. पुढे १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहिली, १९९८ मध्ये लोकल आली, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या विमानतळाचं उद्घाटनही झालं. होडी, बैलगाडी, रेल्वे, मोटार, विमान, सगळं या गावाने पाहिलं. बाजारपेठेचा रस्ता मात्र अजून बैलगाडीच्याच मापाचा आहे. म्हणूनच तिथे रिक्षा, टेम्पो, दुचाकी आणि हातात पिशवी घेतलेली बाई, चौघंही एकमेकांच्या अंगावर येतात. दोष रस्त्याचा नाही. तो माणसांसाठी बांधला होता, त्यावर मोटारी आपण घातल्या.

पण जुना रस्ता म्हणजे अरुंदच असतो असं समजू नका. आपल्याच जिल्ह्यात रायगडावर जा. तिथली बाजारपेठ बघा. दोन्ही बाजूंना दुकानांच्या रांगा, एकेका रांगेत २२ दुकानं, उंच जोती आणि मधून ४० फूट रुंद रस्ता. आणि ती बाजारपेठ संपते कुठे? होळीच्या माळावर. म्हणजे देवघेव झाली की माणसं जमायला मोकळी जागा. १६७४ साली राज्याभिषेक झाला त्या गडावर रस्ता आणि चौक एकमेकांना चिकटून होते. आज नगररचनाकार ज्याला मोठमोठी नावं देतात, ते आपल्या डोंगरावर साडेतीनशे वर्षांपूर्वी होतं.

आणि त्याच गडावर कोण गेली होती? हिरकणी. कथा सांगते की ती दूध विकायला गडावर गेली, दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ होतं म्हणून ती कडा उतरून गेली. आपण तिच्या धाडसाचं कौतुक करतो, बुरुजाला तिचं नाव आहे. पण बचत गटाचं काम करणाऱ्या आम्हाला त्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. हिरकणी ही विक्रेती होती. बाजाराला तिचं दूध हवं होतं, पण बाजाराच्या वेळा ठरवताना तिच्या बाळाचा विचार कोणी केला नव्हता. आज एसटी स्थानकांत बाळाला पाजण्यासाठी ‘हिरकणी कक्ष’ असतो. बाजारपेठेत किती ठिकाणी असतो, तुम्हीच सांगा.

मग बायकांचा चौक कुठला होता? पाणवठा. विहीर, तलावाचा घाट, नदीचा काठ. तिथे जायला कारण लागत नसे, कारण डोक्यावर हंडा असे. त्या हंड्याच्या आडून सुखदुःख बोलून व्हायचं, लग्नं जुळायची, सासरी छळ होत असेल तर माहेरी निरोप जायचा. आपल्या पनवेलला तर तलावच तलाव: वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे, इस्रायली. घरात नळ आला, कष्ट वाचले, ते फार चांगलं झालं. हंडा पुन्हा डोक्यावर यावा असं आम्हाला मुळीच वाटत नाही. पण हंड्याबरोबर ती जागाही गेली आणि तिच्या बदल्यात दुसरी जागा कोणी दिली नाही. आता बाहेर पडायचं तर बाजार, देऊळ, दवाखाना, शाळा, काही ना काही कारण लागतं. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी यावर अभ्यास करून २०११ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं आहे: बाईला शहरात काही कामाशिवाय, नुसतं रेंगाळता आलं पाहिजे. ज्या गावात बाई निवांत बसू शकते, ते गाव खरं सुरक्षित. आम्हाला हे पटतं. हातात पिशवी नसताना बाजारपेठेत अर्धा तास उभं राहून बघा, किती नजरा विचारतात ते कळेल.

आता पुण्याकडे वळू. शनिवारवाड्यासमोरचं पटांगण तुम्ही पाहिलं असेल. एकेकाळी तिथे उघड्यावर भाजीबाजार भरायचा. आपल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८७० च्या दशकात पुण्यात नोकरीला होते. ते रस्त्यारस्त्याने थाळी वाजवत लोकांना बोलवायचे आणि शनिवारवाड्याच्या पटांगणात भाषण करायचे, असं सांगितलं जातं. भाजी विकायची जागा तीच आणि देशाबद्दल बोलायची जागाही तीच. खऱ्या चौकाचं हेच लक्षण. तिथे एकाच कामासाठी जागा राखून ठेवलेली नसते.

पुढे १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने पक्की मंडई उभी राहिली आणि भाजीबाजार तिकडे गेला. त्या काळात महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होऊन गेले होते. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्यांचा विरोध होता. तोच पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. गंमत बघा, ती इमारत आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते आणि तिथे आजही भाजीवाल्या बसतात. इमारत देखणी आहे, उपयोगाचीही ठरली. पण जोतीरावांचा प्रश्न शिळा झालेला नाही: पैसा कोणाचा, काम कोणासाठी, आणि आधी कशाची गरज होती? रस्त्याच्या सुशोभीकरणाचा फलक दिसला की हे तीन प्रश्न आपणही विचारावेत.

याच पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन साजरा झाला. लक्ष्मी रस्ता, जिथे लग्नाचा बस्ता बांधायला अर्धा महाराष्ट्र येतो, त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग दिवसभर गाड्यांना बंद केला होता. ज्या रस्त्यावर पाऊल टाकायला जागा नसते तिथे लोक मधोमध चालले, मुलं खेळली. एका दिवसाचा चौक, पण त्याने दाखवून दिलं की रस्त्याचा चौक करायला सगळंच तोडावं लागत नाही, आधी गाड्या थांबवून बघता येतं. मुंबईत काळा घोडा महोत्सव १९९९ पासून हेच करतो. तिथे उत्सवाच्या दिवसांत रस्त्याचं अंगण होतं.

दुकानदारांची भीती मात्र खरी असते. गाडी आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, असं त्यांना वाटतं. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात १९६२ साली स्ट्रॉएट नावाचा एक किलोमीटरहून थोडा लांब मुख्य बाजाररस्ता मोटारींना बंद केला, तेव्हा तिथले व्यापारीही असेच घाबरले होते. आमच्या थंड देशात कोण रस्त्यावर फिरणार, अशी त्यांची शंका. पण लोक फिरले, थांबले आणि थांबलेलं माणूस खरेदी करतं, हे व्यापाऱ्यांच्याही लक्षात आलं. तो रस्ता आजही पायी चालणाऱ्यांचा आहे. हे तर आपल्यालाही माहीत आहे. भरधाव दुचाकीवरचं गिऱ्हाईक आमच्या पापडाच्या टेबलाशी थांबत नाही, चालत येणारं थांबतं.

आता एका बाईने वसवलेल्या बाजाराची गोष्ट. दिल्लीचा चांदणी चौक. १६५० च्या सुमारास शहाजहानची मुलगी जहाँआरा हिने तो उभारला. मधून पाण्याचा कालवा वाहायचा, चौकात हौद होता आणि त्यात चांदणं पडायचं, म्हणून नाव चांदणी चौक. आपल्याकडे अहिल्याबाईंनी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, तसंच हेही. बाईच्या हातात अधिकार आला की ती पाणी, सावली आणि विसावा यांची सोय आधी करते, असं आम्हाला तरी दिसतं. पुढे १८५७ नंतर दिल्ली बदलली. हौदाच्या जागी घड्याळाचा मनोरा आला, तो १९५१ मध्ये पडला. ट्राम आली आणि गेली. शेवटी मोटारी, रिक्षा, हातगाड्या आणि लोंबत्या तारा यांत चौक बुडून गेला.

मग लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या रस्त्याचं नवं रूप ठरलं. लाल दगडाची फरसबंदी झाली, बसायला जागा केल्या, तारा जमिनीखाली घेतल्या आणि सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी केली. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. रस्ता मोकळा झाला, चालायला सुख झालं. पण हा रस्ता फेरीवाल्यांना मनाई असलेला. म्हणजे ज्या चौकाची ओळखच देवघेव, तिथे छोट्या विक्रेत्याला बसायला जागा नाही. जहाँआराचा बाजार परत आला, पण बाजारातलं गरीब माणूस परत आलं नाही.

इथे आम्हाला आमच्या एका मावशीची आठवण येते. आम्ही गावाचं नाव घेत नाही आणि कार्यालयाचंही घेत नाही, कारण हे कुठेही घडू शकतं. ही मावशी पावसाळ्यात टाकळा, शेवळं, कुरडू विकायची, उन्हाळ्यात जांभळं आणि करवंदं. पंचवीस वर्षं एकाच दुकानाच्या पायरीशी. दुकानदार तिला पाणी द्यायचा, ती त्याच्या दुकानापुढचा केर काढायची. रस्त्याचं काम निघालं तेव्हा तिला सांगितलं, मावशी, काम होईपर्यंत थोडी तिकडे बसा. ती बसली. काम झालं, रस्ता छान झाला. ती टोपली घेऊन परत आली तर तिच्या जागेवर सिमेंटची मोठी कुंडी होती. तिने कुंडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बायांनो, झाडाला जागा मिळाली, चांगलं झालं. पण पाला विकणारीला नाही.” आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आम्हीच तिला कर्ज मिळवून दिलं होतं, गटात सही शिकवली होती. पण रस्त्याचा नकाशा बघायला जायचं असतं, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

नंतर आम्ही शिकलो. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्यानुसार शहरात एक समिती असते, आपण तिला फेरीवाला समिती म्हणतो. तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी ४० टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नयेत आणि त्या प्रतिनिधींमध्ये एक तृतीयांश बाया असल्या पाहिजेत. आणखी एक कलम जुन्या बाजारपेठांसाठी फार मोलाचं आहे. जिथे विक्रेते ५० वर्षांहून जास्त काळ धंदा करत आले आहेत, असा नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. ऐकलंत ना? वारसा म्हणजे फक्त वाडा, देऊळ आणि कमान नाही. पन्नास वर्षं एका जागी बसलेली टोपली हाही कायद्याने वारसा आहे. सासूची जागा सुनेने चालवली असेल तर ती साक्ष आहे. तिचे कागद जपा: पावत्या, जुने फोटो, २०२० पासूनच्या स्वनिधी योजनेत घेतलेल्या कर्जाची नोंद, जे असेल ते.

मग चौक करताना आपण काय मागायचं? ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकापासून बायका शहर कसं वापरतात याचा अभ्यास करून रस्ते बदलले. दिसलं असं की पुरुष बहुतेक घर ते कामाची जागा असे सरळ जातात. बायका मात्र शाळा, बाजार, आजारी सासू, पुन्हा बाजार अशा वळणावळणाने जातात आणि बऱ्याचदा पायी. म्हणून तिथे पदपथ रुंद केले, दिवे वाढवले, बाबागाडी चढेल असे उतार केले, बसायला बाकं ठेवली. यात काही मोठी करामत नव्हती. त्यांनी फक्त चालणारीला विचारलं.

आपणही विचारलं जाण्याची वाट बघू नये. आमच्या गटांनी मिळून एक छोटी यादी केली आहे. पाठ टेकता येईल असं बाक, कारण गुडघे दुखणारीला नुसत्या कट्ट्यावरून उठता येत नाही. स्वच्छ, दार लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह, आणि ते दुकानं उघडल्यापासून बंद होईपर्यंत चालू. सावली आणि रात्री उजेड. पिण्याचं पाणी. बाळाला पाजायला आडोसा. विक्रेत्या बाईसाठी आखलेली जागा, टोपलीच्या मापाची, पावसाचं पाणी साठणार नाही अशी. माल उतरवणाऱ्या टेम्पोला ठरलेली वेळ. आणि शेवटचं, एक मोकळा कोपरा जिथे काहीच विकायचं नाही, नुसतं बसायचं.

हा शेवटचा कोपरा आम्ही भांडून यादीत घातला. एकीने विचारलं, कशाला हवा तो, त्यात उत्पन्न काय? आम्ही म्हटलं, पाणवठ्यावर तरी काय उत्पन्न होतं? संध्याकाळी वडाळे तलावाच्या काठी फिरायला जाऊन बघा. आजीबाई नातवंडांना घेऊन बसलेल्या असतात, कुणीही त्यांना काम विचारत नाही. तसंच बाजारपेठेतही व्हावं, एवढीच इच्छा.

तर मैत्रिणींनो, एक काम सांगतो आणि निरोप घेतो. पुढच्या बैठकीत वसुली आणि नोंदवही झाली की दहा मिनिटं काढा. तुमच्या जवळच्या बाजाररस्त्याचा कागदावर साधा नकाशा काढा. कोण कुठे बसते, किती वर्षांपासून बसते, सावली कुठे आहे, अंधार कुठे आहे, बाईला कुठून वळून जावं लागतं, ते मांडा. खाली सगळ्यांच्या सह्या करा, अंगठा असेल तर अंगठा. कधी रस्त्याच्या कामाचा फलक लागला तर काम सुरू होण्याआधी तो कागद घेऊन जा आणि पोच घ्या. कुंडी ठेवून झाल्यावर बोलण्यात अर्थ नसतो.

घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नये, असं आपल्याला शिकवलं. ठीक आहे, घरातली नको. पण ही गोष्ट चव्हाट्याचीच आहे. ती चव्हाट्यावर बोलायची नाही तर कुठे बोलायची?

भेटू पुढच्या गप्पांत. नमस्कार.